झोपेचा आजार: सीएसएफमध्ये (मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव) १२ पेशी, परजीवी नाही. टप्पा कोणता धरायचा?

सूक्ष्मदर्शक: काँगोमधील गॅम्बियन्स प्रकारची (सावकाश वाढणारा प्रकार) केस. रक्तात ट्रिपॅनोसोम, म्हणजे या आजाराचे परजीवी, दिसले. सीएसएफमध्ये मायक्रोलिटरला १२ पांढऱ्या पेशी, सेंट्रिफ्यूज करूनही परजीवी नाही. टप्पा ठरवायला सीएसएफमधल्या कोणत्या मार्करवर (दाह दाखवणारा पदार्थ) भरवसा ठेवायचा: निओप्टेरिन, सीएक्ससीएल१३ की आयजीएम (एक प्रतिपिंड)?

रक्तपेढी: नियमाने ५ पर्यंत पेशी आणि परजीवी नाही तर पहिला टप्पा (आजार मेंदूत पोचलेला नाही), पेशी ५ च्या वर किंवा परजीवी दिसला की दुसरा (मेंदूत पोचला). ६ ते २० मध्येच खरा घोळ असतो. मार्करकडे वळण्याआधी मोजणी तपासा. नमुना घेतल्या घेतल्या मोजला होता का? सीएसएफमध्ये ट्रिपॅनोसोम काही मिनिटांतच मरू लागतात, पेशीही फुटतात. आकडा २० च्या आत असेल तर दुसऱ्यांदा मोजून सरासरी घ्या. सुईने रक्त मिसळले असेल तर पेशी आणि आयजीएम दोन्ही फसवे वाढतात.

आयजीएमवाला: आयजीएमचा रेणू मोठा, रक्तातून सीएसएफमध्ये सहजी उतरत नाही. तिथे तो भरपूर सापडला तर बहुधा मेंदूच्या आवरणाआतच तयार होतोय. लॅटेक्स चाचणीला यंत्रही लागत नाही. निओप्टेरिन मॅक्रोफेज सोडतात, इंटरफेरॉन-गॅमाच्या चिथावणीने. नमुना उजेडापासून झाका, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. सीएक्ससीएल१३ बी-पेशींना ओढून आणतो. पण टीबी मेंदूज्वर, एचआयव्ही, न्यूरोसिफिलिस यांतही हे वाढतात. म्हणून परजीवी सिद्ध झालेल्या रुग्णाचा टप्पा ठरवायलाच वापरा, निदानाला नको. आणि कट-ऑफ (ज्याच्या वर आकडा वाढलेला धरायचा ती सीमा) दुसऱ्या किटचा उसना घेऊ नका.

रक्तपेढी: वय, वजन किती? ६ वर्षे आणि २० किलो पूर्ण असतील, पेशी १०० च्या खाली असतील, तर दोन्ही टप्प्यांना फेक्सिनिडाझोलच (तोंडाने घ्यायच्या गोळ्या). ३५ किलोपासून पुढे ४ दिवस १८०० मिग्रॅ, मग ६ दिवस १२०० मिग्रॅ, रोज एकदा, जेवणासोबत आणि आपण समोर उभे राहून द्यायचे. उपाशीपोटी औषध पुरेसे शोषले जात नाही. मग १२ चा कीस काढून हाती काय येणार? लहान मुलात मात्र टप्प्यावरच सगळे: पहिल्याला पेंटामिडीन, दुसऱ्याला नेक्ट (निफुर्टिमॉक्स आणि एफ्लोर्निथीन एकत्र).

सूक्ष्मदर्शक: रुग्ण ५ वर्षांचा, १५ किलो.

आयजीएमवाला: मग मोजणी पक्की करा. पुन्हा ५ च्या वरच आली तर नेक्ट. मार्कर शंकेला जोड म्हणून. मूळ नमुन्यातले निओप्टेरिन नोंदवून ठेवा, उपचारानंतर ते लवकर उतरते. आयजीएम महिनोन्‌महिने रेंगाळतो, त्यावरून उपचार फसला असे ठरवू नका.

रक्तपेढी: ऱ्होडेसियन्सला (झोपेच्या आजाराचा दुसरा प्रकार) हे आकडे जसेच्या तसे लावू नका. तो वेगाने मेंदूत शिरतो, आयजीएमही तिथे तेवढा भरवशाचा नाही.