सेंचुरियन रणगाडा ब्रशनं रंगवायलोय. फराटे उठलेत, वरून खानापूरचा पाऊस. काय करू?

जांबोटी_रोड यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा. पोस्ट लांब आहे, कारण चुका बऱ्याच केल्यात.

टॅमिया कंपनीचा १/३५ मापाचा, प्लास्टिकचा सेंचुरियन मार्क ३ जोडून झालाय. करायचाय तो १७ पूना हॉर्सचा 'फामागुस्ता', म्हणजे ७१ च्या युद्धातले परमवीर चक्रवाले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, त्यांचा गाडा. मार्क ३ आणि आपल्या सैन्यातले सेंचुरियन यांत फरक आहेत हे मला माहीत आहे. त्यावरून धागा तिसरीकडे नेऊ नका, हात जोडतो.

हे सगळं कुणासाठी, तर मामासाठी. मामा ईएमईत, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्तीच्या खात्यात होता, आता हिंडलग्याला असतो. उमेदीची वर्षं सेंचुरियनच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून काढली. अजून कुणी विचारलं की सुरू होतो, "मेटिऑर म्हणजे काय वाटलं तुला? २७ लिटर, बारा सिलिंडर, आणि पेट्रोल पितंय रे, पेट्रोल! ५० टनांच्या वरचं धूड." दर खंडेनवमीला तो आपले जुने पाने पुसून, हळद-कुंकू लावून पूजेला मांडतो. यंदा त्या पान्यांशेजारी हा गाडा ठेवायचा असं मनात आहे.

आता रड ऐका.

सगळं काम ब्रशनं. कंप्रेसर घेणार नाही, घर लहान आहे आणि बाळ झोपलेलं असतं. रंग घेतला तो अल्कोहोलवाला ॲक्रिलिक, कारण दुकानात तोच होता. पहिला हात ठीक बसला. दुसरा द्यायला गेलो तर खालचा रंग ब्रशाबरोबर उठायला लागला. मी तो परत सारखा करायला गेलो, परत उठला. बुरुजाची डावी बाजू आता चिखलात लोळून वाळलेल्या म्हशीसारखी दिसते. फराट्यावर नख फिरवलं तर लागतं.

वर शहाणपणा म्हणजे गेल्या रविवारी पाऊस जरा उघडला असं बघून व्हरांड्यात मॅट वार्निशचा स्प्रे मारला. उघडला कसला, पागोळ्या गळतच होत्या. दहा मिनिटांत बाजूच्या पत्र्यांवर पांढरी झाक चढली. बायको म्हणाली, "लोणच्यावर बुरा आल्यासारखं झालंय." अगदी तसंच झालंय.

तर विचारायचं असं, की सगळा रंग काढून परत सुरुवात करू, का आहे तेच वाचवता येईल? या दिवसांत दोन हातांच्या मधे किती थांबायचं? इथं धुतलेली बनियन तीन दिवस वाळत नाही. आणि शेवटी चिखल लावायचाय, त्यासाठी दारातली तांबडी माती चाळून गोंदात कालवायची म्हणतोय. फुकट आहे आणि भरपूर आहे.

---

पुणे_३०

एअरब्रश घ्या. छोटा कंप्रेसर फार आवाज करत नाही. दोन तासांत काम होईल.

---

जांबोटी_रोड

आभारी आहे. प्रश्नाची पहिली ओळ परत एकदा वाचावी.

---

तंबाखू_तालुका (निपाणी)

राव, तुमच्या हाताचा दोष नाही. अल्कोहोलवाला रंग वाळला तरी पुढच्या हातातलं अल्कोहोल त्याला परत विरघळवतं. असला रंग फवाऱ्यासाठी बरा. ब्रशला पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक घ्या. एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही.

सगळा गाडा सोलू नका. बुरूज वेगळा निघतो ना, तेवढाच सोला. औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. हार्डवेअरमधला थिनर मात्र चुकूनही नको, रंगाच्या आधी प्लास्टिकच विरघळेल. मी एका शर्मन रणगाड्याचा पुढचा भाग असाच घालवलाय, बघता बघता साबणासारखा मऊ झाला.

सोलल्यावर भांड्याच्या साबणानं धुवा. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकवर तेलकट थर असतो, तुम्ही तो आधी धुतला नसणार. पैज लावतो.

आणि नखाला लागणाऱ्या फराट्याचा हिशेब करून बघा. समजा तो ०.१ मिलिमीटरचा आहे. १/३५ मध्ये तो साडेतीन मिलिमीटर झाला. खऱ्या गाड्यावर साडेतीन मिलिमीटरचा रंगाचा वळ कोण राहू देईल? म्हणून थर जाड नको, हात जास्त द्या.

पांढऱ्या झाकेचं सोपं आहे. हवेतला ओलावा वार्निशच्या थरात अडकलाय. कोरडा दिवस बघून त्यावर ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत वार्निशचा पातळ हात द्या, बहुतेक वेळा झाक जिरते. मॅट शेवटी, आणि तोही ब्रशनं.

अजून एक. फामागुस्ता करताय तर कुठल्या घटकेचा ते ठरवा. १६ डिसेंबर १९७१ च्या सकाळचा असेल, तर रात्रीतून बसंतर नदीचं पात्र आणि सुरुंगांचा पट्टा ओलांडून आलेली ती पलटण. म्हणजे चाकांना आणि बुडाला ओला चिखल, वर नुसती धूळ, आणि गोळा लागल्याची खूण कुठंच नाही, कारण ती लढाई अजून व्हायची आहे. बाजूचे पत्रे लावणार असाल तर वरची साखळी तशीही झाकली जाते, तिथं जीव काढू नका. सवड काढून नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाडा संग्रहालयात जाऊन या. खरा सेंचुरियन डोळ्यांसमोर उभा राहिला की रंगाबद्दलचे निम्मे प्रश्न तिथंच मिटतात.

---

जांबोटी_रोड

पैज जिंकलात. धुतला नव्हता.

---

रंगशाळा_अनगोळ

भावा, मी रणगाडे करत नाही, गणपती रंगवतो. आषाढ चाललाय, रात्री एकला हात धुऊन हे लिहायलोय. पण तुझं दुखणं ओळखीचं वाटलं म्हणून थांबलो.

आमच्याकडे कंप्रेसर आहे. अंगाचा रंग गननंच मारतो, खोटं कशाला सांगू. पण पितांबराचे काठ, दागिने, डोळे हातानंच. त्यामुळं ब्रशबद्दल चार गोष्टी सांगू शकतो.

पहिली म्हणजे रंग घट्ट नको. माझे वडील म्हणायचे, रंग पळीवाढा झाला की बिघडला, ताकासारखा पाहिजे. पहिल्या हातात खालचं प्लास्टिक दिसणारच. दिसू दे. तिथंच माणूस घाबरतो आणि झाकायला जातो. तिसऱ्या-चौथ्या हाताला आपोआप भरतं.

दुसरं, ब्रश रंगात बुडवला की एकदा फडक्यावर टेकव. चपटा ब्रश घे, बोटाच्या नखाएवढा रुंद, मऊ केसांचा. कोरड्याकडून ओल्याकडे ओढायचं आणि सोडायचं. एकदा सोडलं की मागं वळून बघायचं नाही. तू "परत सारखा करायला गेलो" लिहिलंयस ना, सगळा घोटाळा तिथं झालाय. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश परत फिरला की साय फाटल्यासारखं होतं. राहिलेलं पुढच्या हाताला बघायचं. एक हात आडवा दिलास तर पुढचा उभा दे.

वाळवण्याचं आमचं साधन म्हणजे बल्ब. पुठ्ठ्याचं खोकं घे, वर दोन भोकं पाड, आत जुना पिवळा ४० वॉटचा बल्ब अडकव. एलईडी नको, तो तापत नाही. गाडा त्याच्यापासून वीतभर लांब ठेव. खोक्यात हात घातलास तर कोमट लागलं पाहिजे, चटका नाही. आमची शाडू सोसते, तुझं प्लास्टिक वाकडं होईल. आणि बल्ब चालू ठेवून बाजारला जाऊ नको, खोकं पुठ्ठ्याचं आहे. एवढं करूनही या दिवसांत एका हाताला एक रात्र दे. सकाळी नाकाजवळ धरून वास घे. रंगाचा वास आला म्हणजे आतून ओला आहे.

वार्निश पांढरं पडतं ते आमच्याकडेही होतं. सुतारांच्या पॉलिशलाही होतं. पाऊस पडत असताना आम्ही चमक मारतच नाही, गिऱ्हाईक दारात बसलं तरी.

गाड्यावर आकडे घालणार असशील तर ते शेवटी, सकाळच्या उजेडात घाल. आमची डोळ्यांची आखणी तशीच असते. मनगट टेबलावर टेकवायचं, करंगळी कामाला लावून आधार घ्यायचा, श्वास सोडून रेघ ओढायची. चुकली तर लगेच ओल्या काडीनं पुसायची, रडत बसायचं नाही. त्या दिवशी सकाळचा चहा एकच पी. हसू नको, दुसऱ्या चहाला हात हलतो.

---

जांबोटी_रोड

दादा, हे वाचून दोनदा खाली ठेवलेला ब्रश परत उचलला. आकडे घालणार आहे, जेएक्स २०२. खोक्यात चिकटवायच्या टिकल्यांचं (डिकॅल) पान येतं त्यात ते नाहीत, हातानंच काढावे लागतील.

---

काळी_रान (अथणी)

रणगाड्यातलं मला काही कळत नाही, मुलगा करतो म्हणून इथं येते. माझं काम माती तपासायचं. तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

खानापूरची तांबडी माती त्या गाड्याला लावू नका हो! ती जांभ्याची, त्यातल्या लोहामुळं लाल. आमच्या अथणीची काळी असती तरी नकोच म्हटलं असतं, ती बेसाल्टची. बसंतर रावीला मिळते, तिकडची जमीन हिमालयाच्या पायथ्याकडून वाहून आलेल्या गाळाची. फिकट, राखाडीकडे झुकणारी, किंचित पिवळट. तुमचा गाडा तांबड्या चिखलात बुडवलात तर तो बसंतर ओलांडून आलाय असं कोण म्हणेल? मलप्रभा ओलांडून आलाय म्हणतील.

अंगणातली मातीच वापरायची हौस असेल तर ती आधी लोखंडी तव्यावर चांगली भाजून घ्या. कच्च्या मातीत कुजकी पानं-मुळं असतात, तुमच्याकडच्या दमट हवेत तिला बुरशी येणार. मग चाळणीतून नाही, धोतराच्या फडक्यातून गाळा. वर निपाणीच्या भाऊंनी हिशेब मांडलाय तोच इथंही लागू. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण तुमच्या गाड्यावर पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होईल. रंगासाठी शाळेचा पांढरा खडू किसा, त्यात थोडी चुलीची राख आणि चिमूटभर पिवळी माती. ओल्या जागी तोच मसाला गडद दिसला पाहिजे, कारण कुठलीही माती ओली झाली की गडद होते. चाकाच्या कडेला गडद, वर फिकट. एवढं केलंत तरी पुष्कळ.

---

तंबाखू_तालुका (निपाणी)

अक्कांनी आमची दुकानं बंद केली. एवढंच जोडतो की माती लावायच्या आधी ग्लॉसच्या हातावर तेलरंगाचं पाणी फिरवा. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), टर्पेंटाइनमध्ये कोऱ्या चहाएवढा पातळ. रिव्हेटच्या कडेनं आणि झाकणांच्या फटीत आपोआप पळतो. सगळीकडे फासू नका, फटीला टोक टेकवून सोडा.

---

जांबोटी_रोड

गणपती झाले, आता सांगतो काय झालं ते.

बुरूज सोलला. आयसोप्रोपिलमध्ये तासभर ठेवला, रंग सालपटासारखा निघाला. कोपऱ्यांतला मात्र दात कोरायच्या काडीनं काढावा लागला, त्यात उजव्या बाजूचं एक हँडल तुटलं. तांब्याच्या तारेचं नवीन केलं, ते आधीच्यापेक्षा बरं दिसतंय. पाण्याचा रंग ताकासारखा करून पाच हात दिले, दादा म्हणाले तसे आडवा-उभा. दुसऱ्या हातानंतर इतकं भिकार दिसत होतं की ब्रश परत फिरवायला हात शिवशिवत होता. खोकं झाकलं आणि बाहेर जाऊन बसलो. पाचव्या हाताला फराटा नखाला लागत नाही.

बाजूच्या पत्र्यांची पांढरी झाक ग्लॉसनं नव्वद टक्के गेली. खालच्या कडेला थोडी राहिली, तिच्यावरच खडू-राखेची धूळ बसवली. आता मलाही सापडत नाही.

जेएक्स २०२ मधला शेवटचा '२' तीन वेळा पुसला. त्या दिवशी चहा दोन झाले होते.

खंडेनवमीपर्यंत लपवून ठेवायचा होता, पण मामा गौरीच्या जेवणाला आला आणि कपाट उघडून बघून बसला. चष्मा कपाळावर चढवून, गाडा खिडकीशी नेऊन, उलटासुलटा करून. मी रंगाबद्दल काहीतरी म्हणेल म्हणून वाट बघतोय. तो म्हणतो, "सायलेन्सर हिरवे कशाला ठेवलास? भाजून तांबूस व्हायचे ते." मग मागच्या झाकणाला नख लावलं. "हे उघडत नाही?"

म्हटलं नाही मामा, आत पोकळ आहे.

"पोकळ?" म्हणाला, आणि गाडा खाली ठेवला. जेवण होईपर्यंत विषय नाही. हात धुऊन आल्यावर कॅलेंडरचं मागचं पान फाडलं, माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि मेटिऑर काढायला बसला. सहा-सहाच्या दोन रांगा, मधे ६० अंशांचा कोन, मॅग्नेटो कुठं, कार्ब्युरेटर कुठं, कुठला नट पान्याला यायचा नाही म्हणून ते शिव्या द्यायचे, सगळं बाण काढून. दुपारचं झोपणं राहिलं.

तर मंडळी, सायलेन्सर परत रंगवून झालेत. झाकण करवतीच्या पात्यानं कापायला घेतलंय. आता मला १/३५ मध्ये बारा सिलिंडर पाहिजेत. पेनाच्या रिफिलीच्या नळ्या कापून बघितल्या, रंग धरत नाहीत. कशाच्या करू?