मदत हवी आहे: इटालियन 'मानोमिस्सिओने' म्हणजे छेडछाड की गुलामांची सुटका?

नमस्कार मंडळी, इटालियन येणाऱ्या किंवा लॅटिन कोळून प्यायलेल्या कोणीतरी प्लीज मदत करा. बोलोन्या शहराच्या इतिहासावरचा एक छोटा लेख मराठीत करतेय, त्यात 'मानोमिस्सिओने' आलाय. मला हा शब्द माहितीय तो विजेच्या मीटरमुळे, म्हणजे सील तोडलं, आत काही गडबड केली, की ते मानोमिस्सिओने. आणि इथे चक्क गुलामांबद्दल!

संदर्भ असा की १२५६ साली बोलोन्याच्या नगरसभेने मालकांना पैसे मोजून जवळपास ६००० गुलाम सोडवले, चौदाच्या वरच्या माणसामागे १० लिरा, त्याखालच्या पोरांमागे ८, आणि मग सगळ्यांची नावं एका वहीत लिहून काढली, तिचं नाव 'लिबेर पाराडिझुस'. (पुण्य वगैरे ठीक, पण सुटलेली माणसं शहराला कर द्यायला लागतात, हा हिशोबही होताच की.)

आता 'मुक्ती' लिहिलं तर कीर्तन वाटतं, 'गुलामगिरी रद्द' म्हणावं तर ते वेगळंच, त्याला 'आबोलिझिओने' आहे. काय लिहू? आणि एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले कसे?

प्रतिसाद १:
मूळ एकच आहे ताई. लॅटिनमध्ये 'मानुस' म्हणजे हात, शिवाय मालकाचा ताबासुद्धा, आणि 'मित्तेरे' म्हणजे सोडणे, धाडणे. तर मालकाने आपल्या हाताखालून सोडलं ते मानुमिस्सिओ. पुढे इटालियनमध्ये त्याच क्रियापदाचं 'मेत्तेरे' झालं आणि अर्थ झाला ठेवणे, घालणे. मग काय, हात सोडण्याचा झाला हात घालण्याचा! कायद्याच्या आणि इतिहासाच्या भाषेत जुना अर्थ राहिला, बाकी बोलण्यात मीटरवालाच.

तुम्ही 'दास्यमुक्ती' लिहा. फक्त मूळ रोमन प्रथेबद्दल लिहिणार असाल तर 'स्वतंत्र झाला' इतकंच लिहून सोडू नका, कारण सुटलेला माणूस जुन्या मालकाचं कुळनाव लावायचा आणि त्याचं देणंही लागायचा. रोमन वक्ता सिसेरोचा गुलाम आणि लेखनिक टिरो इ.स.पू. ५३ मध्ये सुटला तो मार्कुस टुल्लियुस टिरो होऊन, म्हणजे 'टिरो'च्या आधीचं सगळं नाव सिसेरोचंच. अशा माणसाला मी 'मुक्तदास' म्हणतो.

धागाकर्ती:
अरे वा, खूप आभार! दास्यमुक्ती फायनल. आता 'लिबेर पाराडिझुस'ला 'स्वर्गाची वही' चालेल की 'नंदनवनाची' बरं वाटेल?