रेजी व्हाइट: पाळकाने विधानसभेत उपदेश करावा का?

कावेरी_मिलवॉकी: अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने, चेंडू फेकायच्या आत त्याला आडवा केलं की त्याला सॅक म्हणतात. बचावफळीत (डिफेन्समध्ये) खेळणाऱ्या रेजी व्हाइटच्या नावावर असे १९८ सॅक आहेत. वयाच्या १७व्या वर्षी त्याने बाप्टिस्ट पाळकपदाची दीक्षा घेतली होती, म्हणून टोपणनाव ‘मिनिस्टर ऑफ डिफेन्स’. मिनिस्टर म्हणजे मंत्रीही आणि पाळकही. मार्च १९९८मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या विधानसभेत बोलताना त्याने समलैंगिकता पाप ठरवली आणि कुठल्या वंशाला देवाने कोणती देणगी दिली, तेही सांगितलं. माझ्या मते तो चुकला. तिथे त्याला बोलावलं ते त्या राज्यातल्या ग्रीन बे पॅकर्स संघाचा खेळाडू म्हणून.

नगरचा_थॉमस: ताई, पटलं नाही. आमच्या पाळकसाहेबांना मी लहानपणापासून पाहतोय. असा माणूस बोलायला उभा राहिला की उपदेश करणारच. आधी फिलाडेल्फियाच्या संघात असताना हाच रेजी गरीब वस्त्यांच्या नाक्यांवर उभा राहून बोलायचा, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. जानेवारी १९९६मध्ये नॉक्सव्हिलचं चर्च जाळलं गेलं, तिथे तो सहायक पाळक होता. ते पुन्हा बांधायला विस्कॉन्सिनच्या चाहत्यांनीच पैसे पाठवले. त्यांना पाळक रेजी चालत होता.

आडवा_पास: चर्च बांधायला मदत करणं वेगळं. आशियाई लोक टीव्हीचं घड्याळ करून दाखवतात, हे तो कौतुक म्हणून बोलला. मी वीस वर्षं इथे नोकरी करतोय, असलं कौतुक फार ऐकलंय. त्यात माणूस दिसतच नाही, नुसता साचा दिसतो. आणखी एक खटकतं. १९९३मध्ये ग्रीन बेला जायला देवाने सांगितलं म्हणाला, करार चार वर्षांचा, १.७ कोटी डॉलरचा. पैशासाठी गेलो म्हणाला असता तर मला काही वाटलं नसतं.

नगरचा_थॉमस: पैशाचं बोलू नका. खेळाडूंना संघ निवडता यावा म्हणून एनएफएलविरुद्ध, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगविरुद्ध, जो दावा झाला, तो त्याच्याच नावाने होता. ती मोकळीक पुढे सगळ्यांना मिळाली. आणि शेवटची वर्षंही बघा. निवृत्तीनंतर तो स्वतःच म्हणाला, चर्चवाले मला बोलवायचे ते मी फुटबॉल खेळलो म्हणून, शास्त्र कळतं म्हणून नव्हे. उपदेश थांबवून तो हिब्रू शिकायला बसला, मूळ वचनं स्वतः वाचायची म्हणून. २६ डिसेंबर २००४ला गेला, अवघा ४३ वर्षांचा. इतकं प्रामाणिकपणे स्वतःला तपासणारे उपदेशक मी फार पाहिले नाहीत.

कावेरी_मिलवॉकी: हिब्रूचं वाचून गलबललं. पण मग माझंच म्हणणं त्यालाही जाणवलं होतं ना, की लोक खेळाडूला बोलावतात? वंशांबद्दल बोलला त्याची त्याने माफी मागितली. समलैंगिकांबद्दलचं मागे घेतलं नाही. माझा भाचा तेव्हा सोळा वर्षांचा होता, पॅकर्सचा वेडा. त्या भाषणानंतर ९२ नंबरची जर्सी त्याने कधी अंगात घातली नाही, आणि का, ते घरी सांगायला त्याला पुढे सहा वर्षं लागली.