प्रतिसाद: सॅटेलाइटला सगळंच दिसत नाही

वर एका दादांनी लिहिलंय की आता सॅटेलाइट आहे म्हणल्यावर जंगल किती तुटलं, किती कार्बन हवेत गेला हे ऑफिसात बसून कळतं. अर्धं बरोबर आहे. ब्राझील १९८८ पासून ॲमेझॉनमधली तोड सॅटेलाइटनं मोजतंय, २००८ला अमेरिकेच्या लँडसॅट सॅटेलाइटचे फोटो फुकट झाले आणि गरीब देशांनाही हे काम परवडायला लागलं, लई मोठी गोष्ट झाली ती.

पण आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडं या एकदा. सागाचं जंगल, उन्हाळ्यात पानगळ झाली की वरून उजाड माळच वाटंल, म्हणून तर आपल्याकडं ऑक्टोबर ते डिसेंबरचे फोटो घेतात. खरी अडचण पुढंच आहे, आपल्या सरकारी व्याख्येत निदान एक हेक्टर जागेतल्या १० टक्के भागावर झाडांची सावली असली की ते वनाच्छादन, मग आमराई असो की बांबू, त्यामुळं ६० टक्के सावलीचं जंगल चोरतोडीनं २० वर आलं तरी एकूण क्षेत्र तेवढंच राहतं (घनतेचा वर्ग बदलतो, पण बातमीत एकूण आकडाच येतो) आणि कार्बन मात्र गेलेला असतो.

तो मोजायचा तर जमिनीवर प्लॉट आखून छातीइतक्या उंचीवर खोडाला टेप लावावाच लागतो, त्या घेरावरून लाकडाच्या वजनाचा अंदाज निघतो. वाळल्या लाकडात साधारण निम्मा कार्बन, त्या कार्बनच्या एका टनामागं ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड, मुळं आणि मातीतला वेगळाच. हे काम गावातल्या पोरांना शिकवून, नीट मजुरी देऊन करून घ्या, कुठल्या ओढ्याच्या कडंची झाडं यंदा गेली हे त्यांना फोटो यायच्या आधीच माहीत असतं.