वाडा, चाळ, फ्लॅट: मुंबई-पुण्यात राहती घरं कुठे दाखवू?

रानवारा
भाची आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नाताळच्या सुट्टीत नागपूरहून येतेय. तिला किल्ले-देवळं नकोत, माणसं राहायची ती घरं बघायची आहेत, जुनी आणि नवीही. चार दिवस आहेत. कुठे नेऊ?

कडीपाट
शनिवारवाड्यात फार वेळ घालवू नका. १८२८च्या आगीत आतलं जळालं, उरले तट, दरवाजे आणि जोती. विश्रामबागवाडा (१८०७) बघा, सुरूच्या झाडाच्या आकाराच्या खांबांसाठी. पण खरा वाडा कळायचा तर वाईजवळ मेणवलीला जाच. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट. चौकात, म्हणजे मधल्या उघड्या अंगणात, उभं करून तिला वर बघायला सांगा. रस्त्याकडची भिंत जवळजवळ बंद असते, उजेड-वारा सगळा चौकातून. मग खण, म्हणजे दोन खांबांमधला गाळा, मोजायला लावा. दोन खांबांमधलं अंतर तुळईला झेपेल तेवढंच, म्हणून सोपा (ओसरी) काय, माजघर काय, सगळं त्याच मापात बसतं. हे एकदा डोळ्यांत बसलं की कुठलाही वाडा वाचता येतो.

गिरगावकर
कडीपाट यांना अनुमोदन, आणि तोच चौक पुढे मुंबईच्या चाळीत शोधा. गिरगावात केशवजी नाईक चाळ आहे, १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो ती. तिथून खोताची वाडी चालत. लाकडी जिने, व्हरांडे, उतरती कौलं. लोक राहतात तिथे, विचारल्याशिवाय फोटो नकोत.
बीडीडी चाळी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) मात्र सगळ्यात आधी उरका! १९२०च्या दशकातल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या. पुनर्विकासात पाडल्या जाताहेत, पुढच्या वर्षी किती उरतील सांगवत नाही.

अवंती_दादर
ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती २०१८ पासून जागतिक वारशात आहेत, त्या सगळेच दाखवतात. मी म्हणेन, त्याच शैलीसाठी शिवाजी पार्क आणि हिंदू कॉलनीत सकाळी फिरा. गोलाकार बाल्कन्या, खिडक्यांवर ओळीने छज्जे, जिन्याच्या जाळीत उगवता सूर्य. सिमेंट काँक्रीट आलं आणि मध्यमवर्गाला स्वतंत्र संडास-न्हाणीघराचा ब्लॉक मिळाला, ते इथे दिसतं.
नव्यांत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची घरं. कंबाला हिलचं कांचनजंगा (१९८३) बाहेरूनच बघावं लागेल. समुद्राचा वारा हवा, पण पश्चिमेचं ऊन आणि पावसाचा मारा नको, म्हणून इमारतीचे कोपरे कापून दोन मजली उंच गच्च्या काढल्यात. बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज तर चुकवूच नका. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, पण कुणाची भिंत कुणाला चिकटलेली नाही, म्हणजे ज्याला जमेल तसं घर वाढवता यावं. लोकांनी वाढवलंयही, काहींनी मूळ घर पार बदललंय. मला तर तेच बघण्यासारखं वाटतं.

रानवारा
सगळ्यांचे आभार! मग एक दिवस बीडीडी-गिरगाव, दुसरा दादर-बेलापूर, उरलेले पुणे आणि मेणवली. गाडी नाही, एसटीने जमेल का?

कडीपाट
जमेल. स्वारगेटहून वाईची एसटी, वाईहून रिक्षा, तीनेक किलोमीटर. सकाळी लवकर निघा. आणि विश्रामबागवाड्यात दुरुस्तीचं काम अधूनमधून चालू असतं, आधी चौकशी करून जा.