भिजवणे, ओलवणे, तिंबणे: फरक काय?

'तिंबणे' म्हणजे भिजवणेच ना, असा प्रश्न आलाय म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या मते एकच नाही. पाणी किती आणि वेळ किती यावर आपल्याकडे क्रियापद बदलतं, आणि हल्ली बेळगावात पण सगळ्यालाच 'सोक कर' म्हणायला लागलेत त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

ओलवणे म्हणजे पाण्याचा हबका मारून हात फिरवायचा. मांड्यांचे गहू असे ओलवून फडक्यात बांधून ठेवतात, साल चिवट होते, दळताना कोंडा मोठा निघतो आणि चाळलं की पीठ पांढरंशुभ्र. भिजत घालणे वेगळं, त्यात दाणा पाण्यात बुडवून ठेवायचा. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजत असतात, पाणी रोज बदलायचं, वास येतोच, पण दाणा चिमटीत दाबल्यावर पांढरा चीक बाहेर आला की समजायचं झालं. "गहू भिजत टाकलीस काय गे?" असं विचारतात, तिथं तिंबणे कोणी म्हणणार नाही.

तिंबणे कणकेचं. संस्कृतात तिम् म्हणजे ओलं होणे, पण मराठीत त्यात हाताचा जोर पण आला, पाण्याचा हात लावत मुठीनं चेपत राहायचं, कणीक सैल आणि लवचिक होईपर्यंत, मांडा हातावर ताणायचा असतो ना. म्हणूनच बडवून काढण्याला 'कणीक तिंबणे' म्हणतात. लोणचं मुरतं त्यात तर वरून पाणी नसतंच, मीठ फोडींचंच पाणी काढतं.

आणि भिजत घोंगडं! लोकर पाणी धरून ठेवते, भिजलेलं घोंगडं जड होतं आणि लवकर वाळत नाही, म्हणून रखडलेल्या कामाला हा शब्द. आपल्याकडं तो सीमाप्रश्नालाच चिकटलाय, 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा वाद, 2004 ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, घोंगडं अजून भिजतंच आहे.

कन्नडात 'नेने' म्हणजे भिजणे आणि आठवणे पण, ते मला फार आवडतं. खानापूर, निपाणीकडच्यांनी सांगा, ओलवणे तुमच्याकडं अजून म्हणतात काय, की दुसरा शब्द आहे?