'शाश्वत रसायने' म्हणावे का? आणि 'काढून टाकणे' म्हणजे नेमके काय?

प्रश्न : कचरा डेपोच्या सांडपाण्यातून पीएफएएस (फ्लोरिनयुक्त मानवनिर्मित रसायने, हीच 'फॉरेव्हर केमिकल्स') काढून टाकण्याविषयी मराठीत लिहिते आहे. 'फॉरेव्हर केमिकल्स'साठी 'शाश्वत रसायने' चालेल का? आणि 'लीचेट'ला, म्हणजे कचऱ्यातून झिरपून येणाऱ्या द्रवाला, काय म्हणावे?

उत्तर : 'शाश्वत' नकोच. 'शाश्वत विकास' रुळल्यापासून त्या शब्दाला निसर्ग जपण्याचा अर्थ चिकटला आहे. वाचक नेमका उलटा समज करून घेईल. 'चिरस्थायी'त गौरव आहे, कीर्ती चिरस्थायी असते. 'चिवट रसायने' म्हणा. कार्बन-फ्लोरिन बंध इतका घट्ट असतो की जिवाणूंनाही तो सहजी तुटत नाही. लीचेटला 'झिरपपाणी'. 'निक्षालन' हे झिरपण्याच्या क्रियेचे नाव, त्या द्रवाचे नव्हे.

आणखी एक उत्तर : वरचे सगळे पटले. पण माझ्या मते जास्त जपायला हवे ते 'काढून टाकणे' या क्रियापदाला. सक्रिय कार्बन, आयन-विनिमय रेझिन, व्युत्क्रम परासरण (बोलताना सगळे आरओच म्हणतात) किंवा हवेचे बुडबुडे सोडून फेस वेगळा काढणे, या साऱ्या पद्धती पीएफएएस पाण्यातून फक्त वेगळे करतात. ते उरते कार्बनमध्ये, फेसात, नाहीतर आरओच्या संहत (गाळून मागे उरलेल्या, दाट) पाण्यात. ते पाणी पुन्हा कचऱ्यावरच सोडले, तर काय काढले आणि कुठे टाकले? म्हणून इथे 'वेगळे करणे' लिहावे. 'नष्ट करणे' हा शब्द बंध खरोखर तुटतो तिथेच वापरावा : विद्युत-रासायनिक ऑक्सिडीकरण किंवा ३७४ अंश सेल्सिअस आणि सुमारे २२१ बार यांच्या पलीकडच्या अतिक्रांतिक (द्रव आणि वायू असा भेद न उरलेल्या) पाण्यातले ऑक्सिडीकरण. तिथेही विघटन अपुरे राहिले तर लहान साखळीचे (कमी कार्बन अणूंचे) रेणू मागे उरतात.

'शुद्धीकरण' तर आणखी फसवे. जैविक टाकीत काही पूर्वगामी संयुगांचे रूपांतर पीएफओएसारख्या (हे पीएफएएसपैकीच एक) पक्क्या रूपात होते. अशा वेळी प्रक्रियेनंतरच्या पाण्यात पीएफओए आधीपेक्षा जास्त सापडू शकते. त्याला 'शुद्ध' म्हणणे अन्यायाचे आहे, 'प्रक्रिया केलेले' एवढेच म्हणावे.

प्रश्नकर्ती : मग 'शोषण' की 'अधिशोषण'?

उत्तर : कार्बनसाठी 'अधिशोषण', रेणू पृष्ठभागाला चिकटतो, आत मुरत नाही. झिरपपाण्यातले इतर सेंद्रिय पदार्थही त्याच जागांसाठी झगडतात, त्यामुळे पीएफबीए हे लहान साखळीचे पीएफएएस लवकर निसटते. याला 'गळती' लिहू नका, टाकी फुटल्यासारखे वाटते. 'निसटणे' बरे.